उभ्याच्या दुकानातलं जाजम

मी जाजम बोलतोय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवलं म्हणू नका: माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्या जाजमावर माझ्यापेक्षा चार माणसं जास्त बसलेली दिसली की माझं आडवं-उभं सगळं सूत ताणलं जातं. तराजूला वजन हवं असतं, कात्रीला कापड हवं असतं, तसं मला माणूस लागतं. बसलेलं माणूस. यात माझा काय दोष?

माझा जन्म गुलबर्ग्याच्या तुरुंगातला. तिथल्या कैद्यांनी मला विणलं. निळा पट्टा एकानं, तांबडा दुसऱ्यानं, आणि काठ तिसऱ्यानं. कोण कुठल्या जातीचा हे धाग्याला कळत नाही आणि तिथल्या मुकादमाला त्याची फिकीर नव्हती. बीदर जिल्हा हैदराबाद सोडून म्हैसूर राज्यात गेला, त्या वर्षी अमृतप्पा सावकारांनी हुलसुरात कापडाचं दुकान थाटलं आणि मला आणून पसरलं. तुरुंगातून सुटून थेट बाजारपेठेत, तेही गल्ल्याशेजारी! असं नशीब किती कैद्यांना मिळतं?

आमच्या दुकानात भाव मराठीत सांगायचा, देवाचं नाव कन्नडात घ्यायचं आणि सरकारी इन्स्पेक्टरला शिव्या उर्दूत द्यायच्या, असा रिवाज होता. अमृतप्पा तिन्हींत पटाईत. माणूस गोड. गिऱ्हाईक दारात दिसलं की "या, या, बसा, टेका" म्हणत हातानं माझ्यावरची नसलेली धूळ झटकायचे. मला गुदगुल्या व्हायच्या.

माझा खरा मान बस्त्याच्या दिवशी. लग्नाचं कापड घ्यायला दोन्हीकडची माणसं येतात, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. नवरीचा मामा, नवरदेवाची आत्या, सगळे मांडी घालून बसायचे. पहिल्या लुगड्याला हळदीकुंकू लागायचं, चहा यायचा, आणि मग अर्धा दिवस नुसती खेचाखेची. एकदा एका गावचे व्याही फेट्यासाठी रुसले. "जरीचा फेटा मिळाल्याबगर उठत न्हाई" म्हणून माझ्यावर आडवेच झाले, आणि फेट्याची वाट बघता बघता घोरायला लागले. शेवटी फेटा त्यांच्या छातीवर ठेवला तेव्हा उठले. बस्ता बसूनच घ्यायचा. सोयरिकीतलं कापड उभ्यानं घेतलं तर संसार पाय लावून पळतो, असं म्हणतात. तेव्हा पंचक्रोशीत किती संसार माझ्या जिवावर टिकले असतील, याचा हिशेब तुम्हीच करा.

तरी मी जळायचो. पहिल्यांदा तक्क्यावर जळलो, कारण सावकारांची पाठ रोज त्यालाच मिळायची. पण त्याहून जास्त जळलो ते दाराच्या दगडी पायरीवर. का? तर नागूबाईमुळं.

नागूबाई गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतली. खुरपणीला जायची, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. त्या वस्तीतल्या माणसांनी दुकानात चढायचं नाही, पायरीखाली उभं राहायचं, असा पेठेचा दंडक होता. सावकार लांबूनच लुगडं उलगडून दाखवायचे, ती मान हलवायची, मग घडी वरून टाकायची आणि तिनं पदर पसरून झेलायची.

"सावकार, येवढ्या लांबून टाकायलाव, एकदिवशी लुगडं तुमच्या हातचं आन् झेलणारी दुसरीच निघल!" ती म्हणायची.

"तुझा पदर बरा ओळखतो मी, नागू," सावकार हसायचे.

दोघंही हसायची. पाटलीणबाई माझ्यावर ठाण मांडून बसलेल्या असायच्या, पण हशा पायरीवर पिकायचा. पैसे ठेवायला नागूबाई वाकली की तिचा तळवा त्या दगडावर टेकायचा. मी वीतभर अंतरावर. दगडाला माणसाचा हात, आणि मला पाटलीणबाईंचं वजन!

सावकारांना दुष्ट म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी वस्तीत कापड वाटलं आणि कुणाकडं तोंडानं उच्चारसुद्धा केला नाही. द्यायला हात सैल, पण बसायला जागा द्यायची म्हटली की तोच हात आखडायचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कदाचित घरातच.

त्यात त्यांना सरकारची मोठी चीड. कापडावरच्या सरकारी कंट्रोलचा इन्स्पेक्टर यायचा आणि सावकारांच्याच दुकानात बसून सावकारांनाच सांगायचा, हे कापड यालाच विक, त्याला विकू नको. जाताना स्वतःला सदऱ्याचं कापड फुकट न्यायचा. मग गज गेला, मीटर आला. तोही दंडाची धमकी देत आला. अशा माणसाला बीदरचे नरहरराव वकील भेटले. वकील मोकळ्या व्यापाराच्या पक्षाचे. दर पंधरवड्याला पक्षकारांच्या निमित्तानं यायचे, माझ्यावर बसायचे आणि सांगायचे, "अमृतप्पा, मालमत्ता हा माणसाचा किल्ला आहे. कुणाला विकावं, कुणाला न विकावं, कुणाला आत घ्यावं, हे मालकानं ठरवायचं. आज सरकार गिऱ्हाईक ठरवेल, उद्या जावई ठरवेल."

सावकार त्यांच्याबरोबर गुलबर्ग्याच्या सभेलाही जाऊन आले. परत आले ते एक वाक्य घेऊनच: "ज्याचं दुकान, त्याची मर्जी." इन्स्पेक्टरच्या बाबतीत ते वाक्य मला अगदी पटायचं. पण सावकारांच्या बायकोपुढं, पार्वतम्मांपुढं, त्याची डाळ शिजायची नाही.

"ऐकायलाव का," पार्वतम्मा जेवणाचा डबा ठेवता ठेवता एकदा म्हणाल्या, "गळ्यात लिंग, तोंडात जात न मानणाऱ्या शरणांची वचनं. त्या शरणांचं कल्याण गाव हितून हाकेवर. आन् नागू पायरीखाली?"

"वचनं मठात, धंदा पेठेत," सावकार म्हणाले. "जबरदस्ती न्हाई कुणावर. तिला पटत नसंल तर तिनं दुसरीकडं जावं."

"दुसरीकडं कुठं? पेठेतल्या सगळ्याच पायऱ्या सारख्या."

सावकारांनी डबा उघडला आणि भाकरी मोडली.

त्यांचा भाचा विरुपाक्ष दुकानात भागीदार होता. त्याची नजर व्यापाऱ्याची. वस्तीतली पोरं शिकू लागली होती, कुणी हवाईदलाच्या तळावर कामाला, कुणी एस.टी.त. हे त्यानं हेरलं. तो म्हणाला, "मामा, त्यांच्या हातात आता महिन्याचा पगार हाय. बसवा की."

"पाटील उठून जातील त्याचं काय?"

"चार दिवस जातील. कापड लागलं की येतील."

"हे माझं दुकान हाय, विरुपाक्षा."

"मग मी माझं काढतो," विरुपाक्ष म्हणाला. आणि खरंच समोर, रस्त्याच्या पलीकडं, त्यानं दुकान काढलं. तिथं पसरायला सोलापूरहून नवंकोरं जाजम आणलं, हिरवं, मोरांच्या नक्षीचं.

त्या हिरव्यानं माझी झोप उडवली. मोर काय, झालर काय! आणि वर बसणारी माणसं बघाल तर सगळी सरमिसळ. विरुपाक्ष काही साधूसंत नव्हता हो. सुरुवातीला वस्तीतल्या माणसांना तो दुपारी बोलवायचा, पेठ डुलक्या घेत असताना. पण बसवायचा. मग वीस गावांतून बैलगाड्या यायला लागल्या, आणि गर्दी झाल्यावर दुपार-सकाळ कोण बघतो!

तरीही नागूबाई त्या दुकानाची पायरी चढली नाही. तिच्या मनात काही वेगळंच होतं, ते मला पुढं कळलं.

तिचा मुलगा श्रीमंत एस.टी.त कंडक्टर झाला होता. बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा तो आईला, बहिणीला आणि चार वडीलधाऱ्या माणसांना घेऊन आमच्या दुकानाशी आला. अस्पृश्यता बंदीचा कायदा कडक झाल्याचं नुकतंच पेपरात आलेलं. पायरीशी सगळे थांबले. नागूबाईनं नवं लुगडं नेसलं होतं.

"सावकार, पोरीचा बस्ता घ्यायचाय," ती म्हणाली.

"घे की. काय दाखवू?"

"बसून घ्यायचाय."

श्रीमंत म्हणाला, "समोर विरुपाक्षअण्णा बसवतेत. म्या म्हणलं तिकडंच जाऊ. आई ऐकंना."

"कामून ऐकू?" नागूबाई म्हणाली. "जन्मभर हितलंच लुगडं नेसले. हितंच उभं राहून पाटलिणीचे बस्ते बघितले. त्या बसलेल्या बघून मी किती जळायचे, तुमाला म्हायती हाय का, सावकार? एकदा, पोरीसाठी, त्या जाजमावर बसू द्या. मग मेले तरी चालंल."

ऐकलंत? ती माझ्याबद्दल बोलत होती. तिलाही जळजळ होती, मलाही. ती माझ्यावर बसणाऱ्यांवर जळत होती आणि मी तिच्या पायरीवर! मी जिवाच्या आकांतानं सपाट झालो. म्हटलं, या बाई, या.

श्रीमंतनं कायद्याचं नाव काढलं नसतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. पण तो तरुण, रक्त गरम. म्हणाला, "आता कायदा हाय, सावकार. भेद केला तर आत जावं लागतंय."

झालं. सावकारांच्या डोळ्यांपुढं इन्स्पेक्टर उभा राहिला. त्यांचा चेहरा बदललेला मी खालून पाहिला. ते उठले, माझ्या एका टोकाला बसले आणि मला गुंडाळू लागले.

"कायदा म्हणतोय भेद करू नका," ते गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "न्हाई करत. आजपास्नं माझ्या दुकानात कुणीच बसायचं न्हाई. पाटील न्हाई, वकील न्हाई, तुमी न्हाई. सगळे सारखे. आता कोण काय करतंय बघू!"

मला सुतळी बांधली, कोपऱ्यात उभं केलं.

नागूबाईनं कोपऱ्यातल्या माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आमाला बसवायच्यापरीस सगळ्या गावाला उभं करायलाव, सावकार? येवढं जड झालो आमी?"

आणि ती सगळी माणसं रस्ता ओलांडून समोर गेली. मी कोपऱ्यातून पाहिलं. नागूबाई आधी त्या हिरव्याच्या कडेला, फरशीवरच टेकली. विरुपाक्ष म्हणाला, "अक्का, वर सरका, जाजम कशाला टाकलंय?" तेव्हा ती काठावर सरकली. तळहातानं मोर चाचपले. चहा आला, हळदीकुंकू लागलं, तिची पोर लाजली. मी इतका जळलो की माझा धूर कसा निघाला नाही याचंच नवल वाटतं. हिरव्या, ती माझ्यावर बसायला निघाली होती रे! तुला फुकटात मिळाली!

सावकारांना मात्र आपण कायद्याला चीत केलं असंच वाटत होतं. नरहररावांना त्यांनी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. वकील उभ्यानं ऐकत होते. पहिल्यांदा "वाहवा" म्हणाले, मग एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, मग दाराच्या चौकटीला टेकले. महिन्याभरानं त्यांच्या पुतणीचा बस्ता समोर झाला. सावकारांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "तत्त्व तुमचंच खरं, अमृतप्पा. पण बायकामंडळींचे गुडघे दुखतात."

पाटील आले. "बस्ता काय आमी उभ्यानं घ्यायचा?" सावकारांनी नियम सांगितला. पाटील उठून जायला बसलेच नव्हते, तेव्हा नुसते वळले. बारशाची झबली गेली, डोहाळजेवणाचं लुगडं गेलं, सणाचा खण गेला. आणि मग एक दिवस एक माणूस आला, डोळे सुजलेले. त्यानं कोरं पांढरं कापड मागितलं. भाव केला नाही, मोजमाप बघितलं नाही, उभ्या उभ्या घेऊन गेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या भागात उभ्यानं एकच कापड घेतात. मयताचं. ते घेताना बसत नाहीत, चहा पीत नाहीत, 'येतो' म्हणत नाहीत. ज्या दुकानात बसायचंच नाही, ते दुकान त्या एकाच कापडाला सोयीचं. गावाच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? वर्ष फिरायच्या आत नाव पडलं: 'उभ्याचं दुकान.' लग्नघरातली माणसं आमच्यासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या कडेनं जायला लागली. मयत पाटलाच्या घरचं असो की वस्तीतलं, कापड आमच्याकडूनच. सगळे सारखे, असं सावकार म्हणाले होते. तसंच झालं.

त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. पण मागं सरकायचं म्हणजे इन्स्पेक्टरला जिंकू देणं. बंद दुकानासारखा माणूस, आतली फळी आतूनच अडकलेली.

मग त्यांच्याच लेकीचं, गुरुबाईचं लग्न निघालं. सावकारांनी स्वतः बंगळूरहून रेशमी लुगडी मागवली आणि फळीवर रचली. पार्वतम्मा पाव्हण्यांसह दारात आल्या. पायरीखालीच थांबल्या.

"या की आत," सावकार म्हणाले.

"आत येऊन काय करू? बसायला हाय का?"

"घरचं दुकान. तू कशाला बसायला पाहिजे?"

"माझी लेक मयताच्या दुकानातलं लुगडं नेसून जायची न्हाई. आन् तिचा बस्ता उभ्यानं व्हायचा न्हाई." एवढंच बोलून त्या वळल्या आणि पाव्हण्यांना घेऊन विरुपाक्षाच्या दुकानात शिरल्या.

हिरवं जाजम गच्च भरलं होतं. नागूबाई नातवाला अंगडं घ्यायला आली होती, काठाशी तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. पार्वतम्मांना पाहून ती सरकली.

"या अक्का, हितं बसा. आमी इंचभर सरकलो की सावकारीणबाई मावत्यात."

"इंचभर कशानं मावते मी? माझा घेर बघ की आधी!" पार्वतम्मा म्हणाल्या, आणि दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या. मला पायरीवरचा जुना हशा ऐकू आला, पण रस्त्यापलीकडून. सावकार गल्ल्यापाशी उभे होते. स्वतःच्या दुकानात स्वतःही बसायचं नाही, असा त्यांचा नियम होता. त्या दिवशी त्यांनी रेशमी लुगड्यांची घडी उगाचच मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

वर्षं गेली. सावकारांची कंबर वाकली. मला आतून उंदीर कुरतडू लागले. आणि परवाच्या उन्हाळ्यात, भर सकाळी, श्रीमंत आला. केस पिकलेले, पायात चप्पल नाही. पायरीशी येऊन थांबला.

"आई गेली," तो म्हणाला. "कापड पाहिजे."

सावकारांनी हातातली कात्री गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज झाला. ते कोपऱ्यात आले. माझी सुतळी सोडायला लागले. गाठ सुटेना, तेव्हा दातानं ओढली. मला फरशीवर आडवं केलं आणि ढकललं. इतक्या वर्षांची धूळ उडाली, मेलेली झुरळं पडली. मी उलगडत, उलगडत पायरीपर्यंत गेलो. सावकार गुडघ्यांवरच होते. त्यांनी हातानं माझा काठ झटकला. या खेपेला धूळ खरी होती.

"श्रीमंत," ते म्हणाले. "वर ये. बस."

श्रीमंतनं माझ्याकडं पाहिलं. निळा पट्टा, तांबडा पट्टा. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, ते सगळ्यात वाईट.

"सावकार," तो हळू म्हणाला, "मयताचं कापड बसून घेत न्हाईत."

सावकार उठले. कोरं कापड त्यांनी फाडलं. वरून टाकलं नाही. पायरी उतरून त्याच्या दोन्ही हातांवर ठेवलं. श्रीमंत गेला. 'येतो' म्हणाला नाही. म्हणायचं नसतं.

तेव्हापासून मला कुणी गुंडाळलेलं नाही. सावकार रोज सकाळी मला झाडतात आणि माझ्यावर एकटेच, भिंतीशी बसतात. येणाऱ्याला "बसा" म्हणतात. पण येणाऱ्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं, आणि तो बसत नाही.

माझा जळका स्वभाव अजून गेलेला नाही. समोरच्या हिरव्याचे मोर उडाले, झालर गेली, पण त्याच्या काठाशी एक जागा आहे, जिथं सूत पार झिजून फरशी दिसते. तिथं नागूबाई बसायची. मी मध्यभागी पाटलांनी आणि वकिलांनी घासलेला आहे. पायरीलगतचा माझा काठ मात्र तुरुंगातून आला तसाच कोरा आहे. जाजमाला कोरेपणासारखा दुसरा डाग नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडतो. हुलसुराकडं आलात तर आमच्या दुकानात या. मयताचं नको, जिवंत माणसाचं काहीतरी मागा; पोराला टोपडं मागा, सासूला चोळीचा खण मागा, नाहीतर नुसता हातरुमाल मागा. भावावरून सावकारांशी हवं तेवढं भांडा. पण उभ्यानं नको. काठावर बसा, आणि तेवढा झिजवा मला.